इंजिन आणि किरकोळ

जुन्या गाडीत भंगारबाजारातलं इंजिन बसवायचं ज्याच्या मनानं घेतलं, त्याच्याकडे एक वही असतेच. वहीच्या पहिल्या पानावर हिशेब असतो आणि त्या हिशेबात दोनच ओळी असतात. पहिली ‘इंजिन’, दुसरी ‘किरकोळ’. इंजिनापुढचा आकडा चार दुकानं पालथी घालून, घासाघीस करून, दोनदा अधोरेखित केलेला असतो. किरकोळपुढचा आकडा बेरीज गोल यावी एवढ्याच हेतूनं टाकलेला असतो. माझं म्हणणं असं, की या दोन ओळींच्या नावांची अदलाबदल झालेली आहे. इंजिन ही या व्यवहारातली किरकोळ बाब आहे आणि किरकोळ हाच व्यवहार आहे. मुंज करणाऱ्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे मुलगा घरचाच असतो, त्याचा खर्च शून्य. बुडवतं ते बाकीचं सगळं. मोटारीच्या बाबतीत मात्र चांगली शिकलेली, बँकेत बसून दुसऱ्यांचे हिशेब तपासणारी माणसंही नुसत्या बटूच्या किमतीवर अंदाजपत्रक मांडतात. आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. ही दुसरी ओळ फुगते ती मूर्खपणानं नाही. मूर्खपणाला घरचे लोक आवर घालतात. ती फुगते शहाणपणानं, आणि शहाणपणाला आवर घालायला कोण येणार?

आधी इंजिन स्वस्त का मिळतं ते पाहू. मोटारीचे सगळे अवयव एकाच दिवशी जन्माला आले तरी एकाच दिवशी मरत नाहीत. समुद्रकाठच्या हवेत पत्रा आधी जातो. अपघातात मागची बाजू चेपते, दुरुस्तीपेक्षा गाडी सोडून देणं विमा कंपनीला परवडतं, आणि पुढे बसलेलं धडधाकट इंजिन पोरकं होतं. अशी पोरकी इंजिनं मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, दिल्लीत मायापुरीत, चेन्नईत पुदुपेट्टला रांगेनं मांडलेली दिसतात. (कुर्ल्याच्या या सीएसटीचा बोरीबंदरशी संबंध नाही. ते सेंट्रल साल्सेट ट्रामवे. केव्हाच उखडलेल्या रुळांचं नाव लावून हा रस्ता उखडलेल्या मोटारी विकतो. ठरवून बारसं केलं असतं तरी इतकं नेमकं नाव सुचलं नसतं.) या बाजारात प्रत्येक इंजिन ‘डॉक्टरांच्या गाडीचं’ असतं. आपल्याकडचे डॉक्टर इतक्या संख्येनं, इतक्या चांगल्या अवस्थेतल्या गाड्या भंगारात का घालतात, याचा विचार त्यांच्या संघटनेनं एकदा करायला हवा. गॅरंटीही मिळते, ती साधारण दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत चालते. जाणकार गिऱ्हाईक मग तोंडाकडे न बघता इंजिनाकडे बघतं. ऑइलच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा साका दिसला की पाणी ऑइलमध्ये उतरलंय. प्लग ऑइलनं माखलेले असले की पिस्टनच्या रिंगा गेल्यात. क्रँक हातानं फिरवून बघायचा, कॉम्प्रेशन मोजून सगळे सिलिंडर साधारण सारखे आहेत ना ते पाहायचं. आणि ब्लॉकवर ताजा काळा रंग असेल तर दोन पावलं मागं सरायचं. वरातीत ज्याच्या केसांचा काळा रंग सर्वांत गडद असतो त्याच्या वयाविषयी आपण जे ताडतो, तेच इथंही ताडायचं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तेव्हा पाण्यात उभ्या गाडीला किल्ली मारण्याचा परिणाम हजारो लोकांनी एकाच वेळी शिकून घेतला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर येऊ पाहतो, पाणी हटत नाही, शेवटी कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन वरून धुतलं की अगदी डॉक्टरांच्या गाडीचं दिसतं.

तरीही समजा, नशिबानं इंजिन चांगलं निघालं. वहीतली पहिली ओळ जिंकली. आता दुसरी ओळ काय करते ते पाहायला मारुती ८०० इतकं सोयीचं उदाहरण नाही. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत तिनं देशात एवढी पिलावळ सोडली की तिचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन मिळणार नाही असा जिल्हा नसावा. एका ८००चं इंजिन काढून दुसऱ्या तशाच ८००त घातलं, तर फाउंडेशन तेच, गिअरबॉक्स तोच, होस पाइप तेच, वायरी त्याच. किरकोळची ओळ खरोखर किरकोळ राहते. हा एकमेव प्रकार वहीला मंजूर आहे, आणि नेमका हाच कुणाला नको असतो. कारण एवढा उपद्व्याप करून गाडी पुन्हा होती तशीच होणार, हे मनाला पटत नाही. एवढ्या खटाटोपात थोडं मोठं का घालू नये? मग डोळ्यांसमोर झेनचं इंजिन येतं: ९९३ सीसी, चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. भंगारात दोघांच्या भावात फरक तो केवढा! त्या फरकाकडे बघून निर्णय होतो. पण लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा भाडं तेवढंच असतं, हाल कुणाचे होतात ते निराळं. इथे चौथा सिलिंडर आला की फाउंडेशनचे ब्रॅकेट नवे करा, रेडिएटर सरकवा, त्याचे होस बदला. ८००च्या जुन्या चार गिअरच्या बॉक्सनं हे लग्न मान्य केलं नाही तर बॉक्सही झेनचाच आणा. बॉक्स आणला की ॲक्सल जुळेना. सायलेन्सरचा पाइप जिथे यायचा तिथे येत नाही, ॲक्सिलरेटरची केबल दोन बोटं आखूड पडते, आणि ही दोन बोटं आख्ख्या बाजारात कुठल्याच केबलमध्ये मिळत नाहीत. गाडी पळायला लागली की मग लक्षात येतं, ती थांबायलाही हवी. बारा इंची चाकांमागचे ब्रेक जुन्या वेगाला बेतलेले होते. इतकं होईतो वहीचं तिसरं पान लागलेलं असतं आणि त्यावर ‘इंजिन’ हा शब्द एकदाही आलेला नसतो.

यावर एक पळवाट सुचते: मोठं नको, पण ओम्नीचं घ्या, तेही ७९६च. भावकीतलं. पण ओम्नीत ते पुढच्या सीटखाली उभं लावलेलं, मागची चाकं ढकलणारं. ८००त आडवं, पुढची चाकं ओढणारं. कूळ एक, गोत्र एक, फक्त पंगतीत बसायची दिशा वेगळी. तेवढ्यासाठी पायाखालचे ब्रॅकेट आणि अंगावरचं बरंच काही काढून मूळ इंजिनाचं चढवावं लागतं. विकणारा मात्र छातीवर हात ठेवून सांगतो, ‘सेम टु सेम.’ त्याच्या बाजूनं ते खरंच असतं. त्याला विकायचं असतं, बसवायचं नसतं.

आता शहाणपणाकडे येतो. इंजिन चेन ब्लॉकला लटकलेलं आहे, गाडीचा जबडा रिकामा आहे, आणि मेकॅनिक हातातलं कापड झटकत एक वाक्य बोलतो: ‘साहेब, एवढं उघडलंच आहे तर...’ मराठी भाषेत याहून महाग वाक्य नाही. गवंडी बोलतो, सुतार बोलतो, दंतवैद्य तर आपलं तोंड उघडं असतानाच बोलतो. पण मोटारीच्या बाबतीत त्याची ताकद अशी, की ते प्रत्येक वेळी खरं असतं. एवढं उघडलंच आहे तर क्लचप्लेट टाकून घ्या. बरोबर आहे, ती पुढच्या वर्षी गेली तर फक्त तिच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्लचप्लेट टाकली तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही. बरोबर. मागचं ऑइल सील दोन पैशांचं, पण तिथे हात आताच पोचतो. बरोबर. टायमिंग बेल्ट किती चाललाय हे डॉक्टरांखेरीज कुणाला ठाऊक नाही, तो तुटला तर वाटेतच बसावं लागेल. बरोबर. बेल्ट काढला तर वॉटर पंप समोरच आहे. या साखळीतली एकही कडी लबाडीची नाही, म्हणून ती तोडता येत नाही. फसवणाऱ्या मेकॅनिकपासून माणूस वाचू शकतो. तो दुसऱ्याकडे जातो, आवाज चढवतो, मेव्हण्याला घेऊन येतो. प्रामाणिक मेकॅनिकपासून वाचायचा उपाय अजून निघालेला नाही. प्रत्येक सूचनेला स्वतंत्रपणे होकार देणं शहाणपणाचं, आणि सगळ्या होकारांची बेरीज हा मात्र वेडेपणा, असा हा विलक्षण प्रकार आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत बसलेल्यांना तो अपरिचित वाटू नये.

विजेचा भाग मी मुद्दाम थोडक्यात उरकतो, कारण तो विनोदी लेखात बसत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत एमपीएफआय इंजिन घातलं की लोखंडाबरोबर मेंदूही आणावा लागतो: ईसीएम, त्याचे सेन्सर, वायरिंगची अख्खी वेणी, टाकीत जास्त दाबाचा पंप, उरलेलं पेट्रोल परत नेणारी नळी. भंगारवाल्यानं इंजिन काढताना ती वेणी कात्रीनं छाटलेली असते. त्याचा दोष नाही, पान्यापेक्षा कात्रीला वेळ कमी लागतो. पुढे दोन महिने वायरमन नावाचा गृहस्थ गाडीपेक्षा फोनवर जास्त भेटतो.

यावर पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा येतो. हे सगळं जुगाड आहे, रीतसर कारखानदार असं करत नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्यानं भारतीय मोटारीचा इतिहास वाचलेला नसतो. आपल्याकडच्या कारखान्यांनी कित्येक वर्षं दुसरं काही केलंच नाही. ॲम्बेसेडर म्हणजे इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड. उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिच्या त्याच सांगाड्यात आधी पेट्रोल, मग डिझेल आणि १९९०च्या दशकात जपानच्या इसुझूचं १.८ लिटर इंजिन गेलं. फियाटच्या १२४च्या अंगात निसानचं इंजिन घालून मुंबईच्या प्रीमियरनं ११८ एनई काढली, आणि त्या ‘एन’चा अर्थ निसान हे लपवलंही नाही. मद्रासच्या स्टँडर्डनं उलटं केलं: रोव्हरच्या देखण्या नव्या अंगात आपल्या जुन्या व्हॅनगार्डचं दोन लिटर इंजिन बसवलं आणि स्टँडर्ड २००० म्हणून विकायला काढली. १९८५ला आलेली ही गाडी तीन-चार वर्षांत संपली. जरीच्या अंगरख्यात घरगडी उभा केल्याचं गिऱ्हाइकांनी ओळखलं. आणि फियाटचं १.३ मल्टिजेट तर टाटा, मारुती, शेवरोले अशा सोयरीक नसलेल्या घराण्यांत एकाच वेळी नांदत होतं. राष्ट्रीय इंजिन अशी थट्टा व्हायची त्याची. तेव्हा प्रतिष्ठेचा प्रश्न निकालात निघाला असं धरू. पण माझ्या मुद्द्याला पुरावा आहे तो वेगळाच. ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचं इंजिन आलं तेव्हा काय काय बदललं बघा. इंजिनाबरोबर पाच गिअरचा बॉक्स आला. पुढच्या सलग बाकाऐवजी वेगवेगळ्या सीटांची सोय झाली. सीटबेल्ट आले. डॅशबोर्डही नव्यानं मांडला आणि मधोमध असलेली घड्याळं ड्रायव्हरसमोर सरकली. आता वेगाच्या काट्याचा इसुझूशी काय संबंध? काही नाही. उत्तरपाड्यालाही कुणीतरी कापड झटकत तेच वाक्य बोललं असणार. ज्यांच्याकडे कारखाना, आराखडे, इंजिनियर आणि भागधारकांचे पैसे होते त्यांची ओळ फुगली, तिथे दोनशे पानी वहीचा काय पाड?

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: त्या पैशात चालती ८०० मिळेल, मग हा उद्योग कशाला? हे अंकगणित बरोबर, पण त्यात एक खोट आहे. चालती गाडी घेणं म्हणजे न उघडलेलं इंजिन घेणं, आणि ते डॉक्टरांच्याच गाडीत बसलेलं असतं. आजचा खर्च वाचत नाही, त्याची फक्त तारीख पुढे जाते. शिवाय गाडी पंधरा वर्षांवरची असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आलं. त्याची फी १ एप्रिल २०२२ला ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. या आक्षेपातलं शहाणपण घ्यायचं असेल तर वेगळ्या रीतीनं घ्यावं: नुसतं इंजिन आणण्याऐवजी मागून चेपलेली अख्खी गाडी आणावी. मग ब्रॅकेट, ॲक्सल, होस, केबल, न छाटलेली वायरिंगची वेणी, सगळं एका जागी मिळतं. किरकोळची ओळ मोजून आधीच विकत घेतल्यासारखं होतं. हा सल्ला पक्का आहे. फक्त सोसायटीच्या आवारात एका बंद गाडीच्या जागी दोन बंद गाड्या उभ्या राहतात आणि सेक्रेटरींना अध्यात्माची गोडी लागते. आणि एवढी अख्खी गाडी आणलीच आहे तर तिचे पुढचे दिवे जास्त स्वच्छ आहेत, सीटाही बऱ्या आहेत...

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी हात टेकतो. तो म्हणतो, दुसऱ्याचं कशाला, आपलंच इंजिन बांधून घ्या. सिलिंडर बोअर करा, ओव्हरसाइज पिस्टन टाका, क्रँक ग्राइंडिंगला द्या, हेडचं फेसिंग करा. लेथवाल्याचा दर ठरलेला, वेळ ठरलेली नसली तरी. मुख्य म्हणजे सगळे सांधे आधीच जुळलेले. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा सुटे भाग मिळत नसतील तरच दुसरं इंजिन शोधावं, हे म्हणणं मला मान्य आहे. ते कुणी ऐकत नाही याचं कारण एवढंच, की आपल्या इंजिनाचे दोष आपल्याला माहीत असतात आणि परक्याचे नसतात. सुनेच्या आणि लेकीच्या बाबतीत याच नियमानं उलटा निकाल लागतो. इंजिनाच्या बाबतीत तो बाहेरच्याच्या बाजूनं लागतो.

आता कायदा. मोटारीला आपण नावानं, रंगानं, हॉर्नच्या आवाजानं ओळखतो. परिवहन कार्यालय तिला चासी नंबर आणि इंजिन नंबर यांनी ओळखतं. म्हणजे इंजिन बदलणं हे कायद्याच्या डोळ्यांनी ऑपरेशन नाही, दत्तकविधान आहे. आणि दत्तकाच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. १८४८ला साताऱ्याच्या छत्रपतींनी मरणाच्या वेळी घेतलेला दत्तक डलहौसीनं नामंजूर करून राज्य खालसा केलं. डलहौसीचं म्हणणं होतं की परवानगी नव्हती. मोटार वाहन कायदा, १९८८, याचं कलम ५२ त्याच वळणाचं आहे. कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत होईल असा बदल करायचा नाही. परवानगीशिवाय इंजिन बदललं गेलंच, तर चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून नोंदणीपत्र हजर करायचं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ तपशिलाशी फारकत घेणाऱ्या बदलांविरुद्धच कौल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ‘प्रत्येक बदलामागे’ पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लिहिणाऱ्याला ‘एवढं उघडलंच आहे तर’ हे वाक्य नक्की माहीत होतं. बिलाचा कागद हवा तोही याचसाठी. मेरठचा सोतीगंज नावाचा सुट्या भागांचा मोठा बाजार चोरीच्या गाड्या तिथे कापल्या जातात म्हणून पोलिसांनी २०२१च्या डिसेंबरमध्ये बंद पाडला. आपल्या दत्तकाचे खरे आईबाप पोलीस ठाण्यात तक्रार देऊन बसलेले नाहीत, याची खात्री बाळ घरी आणण्याआधी केलेली बरी. त्याच जातीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर कागद पुढे सरकण्याची आशा असते. म्हणजे ज्या एका प्रकाराला वहीनं मंजुरी दिली होती, सरकारचाही कल त्याच बाजूला. वही आणि सरकार यांचं एकमत होण्याचा हा दुर्मिळ प्रसंग, आणि गाडीमालक नेमका दोघांच्या विरोधात उभा.

प्रदूषणाचा आक्षेप राहिला. जुनं इंजिन धूर ओकतं हे खरं, आणि ते दुसऱ्या जुन्या इंजिनानं बदललं की धूर नाहीसा होत नाही, त्याचा रंग बदलतो. निळा होता तो काळा होतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पीयूसीवाल्याला दोन्ही चालत नाहीत, निदान चालू नयेत.

मग वहीचं काय करायचं? माझी सूचना साधी आहे. पहिल्या पानावर इंजिनाची किंमत लिहूच नये. तिथे सांधे लिहावेत: फाउंडेशन किती, क्लच कोणता, ॲक्सल कुणाचा, वायरी कुठून कुठे, कागद कुणाच्या टेबलावर. ही यादी संपेपर्यंत बाजारात पाऊल टाकू नये. ती प्रामाणिकपणे केली तर दहातले आठ जण तिसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे लेथवाल्याकडे वळतील असा माझा अंदाज आहे, आणि उरलेले दोघे कुणाचंच ऐकणारे नसतात. त्यांच्या यादीतही एक ओळ हमखास सुटते. गाडीतून काढलेलं जुनं इंजिन कुठे ठेवायचं, ही ती ओळ. ते जिन्याखाली पोत्यावर बसतं, त्याच्याखाली ऑइलचा डाग दिवसागणिक मोठा होतो, ‘कधीतरी बांधून ठेवू’ असं वर्षभर म्हणून होतं. मग गणपतीच्या साफसफाईत घरातून निर्वाणीचा इशारा येतो आणि ते तीनचाकी टेम्पोत घालून जिथून दुसरं आणलं त्याच दुकानात वजनावर दिलं जातं. दुकानदार ते तराजूवरून उतरवतो, फडक्यानं पुसतो, पोराला हाक मारून काळ्या रंगाचा डबा मागवतो, आणि तेवढ्यात दुकानाशी येऊन थांबलेल्या, काखेत वही असलेल्या गिऱ्हाइकाला सांगतो, ‘बसा ना साहेब. आत्ताच आलंय. डॉक्टरांच्या गाडीचं.’